चढ नको, घाट नको: कृष्णाकाठच्या सपाट रस्त्यानं आरामात सायकल कशी चालवायची

मला चढ आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुण्यातले मित्र सिंहगड, बोपदेव असलं काय काय करतात आणि वर पोचल्यावर घामाघूम फोटो टाकतात, त्यांना शुभेच्छा. मी सांगलीचा. आमच्याकडं कृष्णेच्या काठानं जमीन अशी ताटासारखी पसरलीय की मिरजेहून निघून शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड करत थेट खिद्रापूरपर्यंत गेलात तरी चढ म्हणून जे लागतात ते फक्त पुलांचे भराव. पन्नाशी आलेली, गुडघा कुरकुरतोय, डॉक्टरनी चालायला सांगितलंय पण चालायचा कंटाळा येतो, किंवा कॉलेजनंतर सायकलला हातच लावला नाही अशा लोकांसाठी हा पट्टा म्हणजे सोनं आहे. पण सपाट म्हणजे आपोआप सोपं असं मात्र नाही, ते मला चारपाच वेळा हात पोळून कळलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी जमीन समजून घ्या, कारण इथं काय चुकतं ते सगळं जमिनीतूनच येतं. कऱ्हाडला कृष्णेला कोयना मिळते, हरिपूरला वारणा, नृसिंहवाडीला (आमच्याकडं नुसतं वाडी म्हणतात) पंचगंगा. एवढं पाणी घेऊन नदी येते आणि इथं तिला उतारच फारसा नाही, त्यामुळं ती नागमोडी वळणं घेत रमतगमत जाते आणि जास्त पाणी आलं की बाजूला पसरते. वर्षानुवर्षं पसरून पसरून जो गाळ बसला त्यालाच आपण मळीची जमीन म्हणतो, त्यात ऊस असा येतो की रस्त्याच्या दोन्ही बाजूला भिंती उभ्या राहतात. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, २०१९ ला तर सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ज्या रस्त्यानं तुम्ही रविवारी गाणी म्हणत जाणार आहात त्यातल्या बऱ्याच रस्त्यावरनं तेव्हा होड्या फिरत होत्या, काही गावात घरांच्या भिंतीवर पाणी कुठंवर आलं त्याच्या खुणा अजून आहेत, सायकलवरून जाताना नजर गेली की आपण नकळत मान वर करून बघतो.

आता सायकल. घरात जुनी काळी चोवीस इंची असेल तरी चालेल, खरंच चालेल, आमच्याकडचे दूधवाले आयुष्यभर त्यावरच फिरले. चढ नसल्यामुळं एकवीस गिअरची काही गरज नाही, सात असले तरी त्यातले तीनच वापरात येतात. नवीन घ्यायचीच असेल तर हायब्रीड घ्या, सरळ हँडल आणि ३२ ते ३५ मिलिमीटरचे टायर. एकदम बारीक टायरची रेसिंग सायकल घेऊ नका, का ते काळ्या मातीचं सांगताना येईलच. आणि ते जाड जाड टायर, पुढं सस्पेन्शन वगैरे असलेली सायकल दुकानात भारी दिसते पण सपाट डांबरावर ती तुमची निम्मी ताकद खाते, स्प्रिंग दाबण्यातच पाय जातात. हवा म्हणाल तर माझं वजन सत्तरच्या आसपास आहे, ३२ च्या टायरमधे मी ६० पीएसआय भरतो, मागं दोनचार जास्त. दुकानात लोक दगडासारखा टाईट करून देतात, तसं नको, हाडं खिळखिळी होतात.

सीटची उंची हा एकच विषय असा आहे की त्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. दहापैकी आठ लोक सीट इतकी खाली ठेवून चालवतात की गुडघे हँडलला लागायचे बाकी असतात, आणि मग म्हणतात सायकलनं गुडघे दुखले. साधी पद्धत: सीटवर बसा, भिंतीला धरा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल एकदम खाली न्या. पाय पूर्ण सरळ व्हायला पाहिजे. मग चालवताना तुम्ही टाचेऐवजी चवड्यानं पॅडल मारणार, तेव्हा गुडघ्यात बरोबर थोडा वाक राहतो. सुरुवातीला उंच वाटेल, थांबताना पाय नीट टेकत नाही म्हणून भीती वाटेल, तर थांबताना सीटवरून पुढं उतरायची सवय लावा, आठ दिवसात जमतं.

आणि आता सपाट रस्त्याची खरी गोम. घाटात माणूस चढताना मरतो पण उतरताना फुकट खाली येतो, पाय थांबतात, पार्श्वभागाला हवा लागते. इथं उतारच नाही! दोन तास निघालात तर दोन तास पाय फिरतच राहणार, एकाच स्थितीत, एकाच जागेवर वजन टाकून. पहिल्यांदा मी वाडीला गेलो तेव्हा पाय मस्त होते पण बसायची जागा आणि हाताचे तळवे यांनी संप केला, करंगळी तर संध्याकाळपर्यंत बधिर होती. त्यावर उपाय म्हणजे दर दहा मिनिटांनी पॅडलवर उभं राहून पाचदहा सेकंद सीट सोडायची, हँडलवर हाताची जागा बदलत राहायची, कोपर ताठ ठेवायचं नाही. पुलाचा भराव आला की मुद्दाम उभं राहून चढवा, तेवढीच विश्रांती. आणि गिअर हलका ठेवा. लोकांना वाटतं सपाट आहे तर टाका जड गिअर आणि दाबा, दहा किलोमीटर भारी वाटतं, मग मांड्या दगड होतात. पाय भराभर फिरले पाहिजेत, मिनिटाला सत्तरऐंशी फेरे, आणि शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागत असेल तर तुम्ही जास्त जोरात जाताय. ताशी पंधरा किलोमीटर हा अत्यंत सन्माननीय वेग आहे, कुणी काही म्हणू दे.

इथं घाट नाही पण वारा आहे, आणि वारा म्हणजे न दिसणारा घाट. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, त्यात समोरून वारा असला की तुम्ही पंधरानं चालवताय पण अंगाला पंचवीसचा मार बसतोय. ऊस उंच असतो तोवर तो जरा आडोसा देतो, पण फेब्रुवारी-मार्चात ऊस तुटून गेला की दोन्ही बाजू उघड्या, मग लपायला कुठं जाणार. आमच्याकडं साधारण असं असतं की पहाटे वारा पडलेला, दहाअकरानंतर उठतो आणि उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेकडनं चांगलाच वाहतो, पावसाळ्यात तर दिवसभर पश्चिमेचाच. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. खिद्रापूर सांगलीच्या आग्नेयेला, म्हणजे जाताना वारा पाठीवर, आपल्याला वाटतं काय दम आहे आपल्यात, तेवीस-चोवीसचा वेग लागतो, फोटो काढतो, आणि परत येताना जी काय शिक्षा मिळते ती मी एका मार्चमधे भोगलीय. जाताना पावणेदोन तास, येताना साडेतीन. शिरोळजवळ एका झाडाखाली मी अक्षरशः सायकल आडवी टाकून झोपलो होतो, एका आजींनी विचारलं पण, काय झालं बाळा, भोवळ आली का. उलट औदुंबर-भिलवडी सांगलीच्या वायव्येला आहे, तिकडं जाताना सकाळी वारा नसतो आणि येताना तो पाठीशी येतो. म्हणून उन्हाळ्यात औदुंबर, आणि खिद्रापूर करायचं तर हिवाळ्यात किंवा मग असं निघायचं की अकराच्या आत घरी. एरवी कुठंही नवीन जागी गेलात तरी एक नियम धरा, ताजे पाय असताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि दमलेले असताना वारा पाठीशी घ्या.

कुठनं सुरू करायचं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. पहिले पंधरा दिवस सांगलीच्या गणपती मंदिरापासून हरिपूर आणि परत, बास. जेमतेम चार किलोमीटर जायला, चार यायला. शेवटी संगमेश्वराचं देऊळ आणि समोर कृष्णा-वारणेचा संगम, दोन नद्यांच्या पाण्याचा रंग पावसाळ्याच्या सुरुवातीला वेगळा दिसतो कधीकधी. हे तेच हरिपूर जिथं हळद जमिनीखालच्या पेवात साठवायचे, वरून साधी जमीन आणि खाली खोल पोकळी, त्यात पोत्यानं हळद. २००५ च्या पुरात बऱ्याच पेवात पाणी शिरलं आणि तो प्रकार उतरणीला लागला. घाटाच्या पायऱ्यांवर दहा मिनिटं बसा, पाणी प्या, परत या. रोज गेलात तर दोन आठवड्यात पार्श्वभाग तयार होतो, त्याला दुसरा शॉर्टकट नाही, पॅडवाली चड्डी घेतली तरी नाही.

मग नृसिंहवाडी. सांगलीहून अंकलीच्या पुलावरून मोठ्या रस्त्यानं जाता येतं पण तो रस्ता मला आवडत नाही, ट्रक, बस, आणि कोल्हापूरला पोचायची घाई झालेल्या गाड्या. त्यापेक्षा मिरजेला जाऊन कृष्णाघाटाकडनं अर्जुनवाडचा पूल ओलांडा, तिथून शिरोळ आणि पुढं वाडी. रहदारी कमी, गावं छोटी छोटी, प्रत्येक गावात चहा. मिरजेहून वीसेक किलोमीटर धरा, म्हणजे जाऊन येऊन चाळीस. बाहेरगावच्यांसाठी हे अजूनच सोयीचं, मिरज मोठं जंक्शन आहे, सायकल लगेजमधे टाकून रेल्वेनं आलात की स्टेशनपासूनच सुरू. पौर्णिमेला आणि दत्तजयंतीच्या सुमाराला मात्र वाडीला जायचं नाही, म्हणजे दर्शनाला जा हो, सायकल घेऊन जाऊ नका, पार्किंगवाले, नारळवाले, गाड्यांचे हॉर्न, सायकल हातात धरून ढकलायला पण जागा नसते.

वाडीतल्या बासुंदीबद्दल एक कळकळीचं सांगणं. ती जाऊन येऊनच्या बरोबर मध्यावर लागते, हाच खरा घोळ. सकाळी आठला भूक लागलेली, समोर कढई, आणि माणूस म्हणतो एक वाटी काय होतंय. मग दुसरी. पुढचे वीस किलोमीटर पोटात जे काही हिंदकळतं ते विसरता येत नाही. पेढे आणि कवठाची बर्फी बांधून घ्या, घरी जाऊन खा. वाटेत खायचं तर केळं, शेंगदाण्याची चिक्की, भडंग. जयसिंगपूर-सांगली पट्ट्यात भडंगाला काय तोटा आहे, खारट तिखट असल्यामुळं घामातनं गेलेलं मीठ पण भरून निघतं, फक्त नंतर पाणी भरपूर प्या.

औदुंबरसाठी सांगली, माधवनगर, नांद्रे, वसगडे, भिलवडी असा रस्ता. पंचविसेक किलोमीटर एका बाजूला. औदुंबरला दत्ताचं देऊळ, पलीकडच्या काठावर भिलवडीच्या बाजूला भुवनेश्वरी. हा रस्ता मला वाडीपेक्षा शांत वाटतो, सावली पण जास्त. हिवाळ्यात गेलात आणि शेताच्या कडेला कुणी कृष्णाकाठची वांगी विकत बसलं असेल तर घ्या, कॅरिअरला पिशवी बांधायची सोय ठेवा. माझी बायको त्या वांग्यांसाठीच माझ्याबरोबर येते असा माझा संशय आहे, ती मान्य करत नाही.

खिद्रापूर शेवटी. वाडीवरून पंचगंगेचा पूल ओलांडून कुरुंदवाड, मग अकिवाट, राजापूर आणि खिद्रापूर. सांगलीपासून जाऊन येऊन ऐंशीच्या आसपास पडतं, आधी चाळीस-पन्नास आरामात जमायला लागल्याशिवाय जाऊ नका. पण जा नक्की. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं कोपेश्वराचं देऊळ, स्वर्गमंडपाला वर गोल उघडं छत, त्यातून उन्हाचा गोल फरशीवर पडतो, खांबांवरची नक्षी बघत बसलात तर परतीचा वारा उठेल हे लक्षात ठेवा! देवळासमोर नंदी नाही. गोष्ट अशी सांगतात की नंदी नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे. राजापूरचा बंधारा हा कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा बंधारा, त्यानंतर नदी कर्नाटकाच्या हवाली. जाताना शिरोळच्या बाजूला काही शेतात पांढरी साय आल्यासारखी जमीन दिसेल, ती क्षारपड, पाणी देऊन देऊन मीठ वर आलंय. सायकलचा वेग असा असतो की हे सगळं दिसतं आणि त्यावर विचार करायला पण वेळ मिळतो, गाडीतनं जाताना फक्त ऊस दिसतो.

ऊस म्हटल्यावर आता मुख्य धोका. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू होतात ते मार्चपर्यंत चालतात आणि नेमका हाच सायकलचा सीझन. ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस असा रचलेला की दोन्ही बाजूला हातहातभर बाहेर. ड्रायव्हरनं टेप लावलेला असतो फुल आवाजात, तुमची घंटी त्याला ऐकू जाणं शक्य नाही आणि मागचं त्याला काही दिसत पण नाही. भरलेला ट्रॅक्टर मागून आला तर हिरोगिरी न करता डांबर सोडून खाली उतरा आणि दुसरी ट्रॉली जाईपर्यंत थांबा, पहिली गेली म्हणून लगेच वर येणारे लोक मी बघितलेत. समोरून आला तरी तेच. त्याला ओव्हरटेक करायचं नाही, तो पंधरानं चाललाय, आपणही पंधरानंच चाललोय, कशाला पाहिजे. रिकामा परत येणारा ट्रॅक्टर जास्त वाईट, तो पळतो आणि ट्रॉली उड्या मारते. बैलगाड्या पहाटे निघतात, बीडकडून आलेली ऊसतोड मंडळी, रस्त्याच्या कडेला त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या, बायकामाणसं अंधारात चुली पेटवून कामाला लागलेली असतात, पोरं, बैल, कुत्री सगळं रस्त्याच्या काठावरच. तिथं वेग कमी करा, घंटी वाजवत मिरवू नका.

रस्त्यावर पडलेलं उसाचं कांडं हे दिसायला निरुपद्रवी असतं. ते आडवं असेल तर चाक वरून जातं, तिरकं असेल तर चाकाखाली फिरतं आणि तुम्ही जमिनीवर. बघून बाजूनं घाला, वरून जायलाच लागलं तर हँडल सरळ धरून, ब्रेक न मारता. कारखान्याच्या जवळपास रस्त्यावर रस सांडून, त्यावर धूळ बसून चिकट काळा थर होतो, पहाटे दव पडलं की तो साबणासारखा. आणि पाचट पेटवलेलं असेल, धूर रस्त्यावर आला असेल तर थांबा, धुरातून सायकल काढायची नाही, तुम्हाला ट्रॅक्टर दिसत नाही आणि ट्रॅक्टरला तुम्ही.

काळी माती. उन्हाळ्यात ही आकसते, पावसात फुगते, आणि तिच्यावर केलेला रस्ता बिचारा दरवर्षी वरखाली होतो. त्यामुळं इथल्या रस्त्यांना भेगा पडतात त्या बऱ्याचदा रस्त्याच्या लांबीनं, कडेकडेनं, म्हणजे बरोबर तुमच्या चाकाच्या दिशेत. बारीक टायर त्यात बसला की ट्रामच्या रुळात अडकल्यासारखं होतं, हँडल वळवायला जावं तर वळत नाही. मी असाच एकदा पडलो, वेग काही फार नव्हता, पण कोपर आणि जीन्स दोन्ही गेले. म्हणून ३२ च्या खाली टायर नको म्हटलं, आणि कडेपासून दोनअडीच फूट आत चालवा, अगदी काठाला चिकटून नको. भेग ओलांडायची तर तिरकी नाही, होईल तेवढी काटकोनात ओलांडायची. पावसाळ्यात शेतातनं निघालेले ट्रॅक्टर डांबरावर चिखलाचे पट्टे ठेवून जातात, त्यावर वळायचं नाही आणि पुढचा ब्रेक तर अजिबात नाही. पाणंदीनं, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेनं, शॉर्टकट दिसतो मॅपवर, उन्हाळ्यात जा खुशाल, छान असतात, पण एक पाऊस झालेला असेल तर शंभर मीटरमधे मडगार्ड आणि चाक यांच्यामधे एवढा चिखल भरतो की चाक फिरायचं थांबतं. मग सायकल डोक्यावर.

पाऊस आणि पूर याबाबत माझं मत एकदम कडक आहे. जून ते सप्टेंबर सायकल चालवू नका असं मी म्हणणार नाही, हिरवंगार असतं, पाऊस उघडला की मजा येते. पण कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, ज्यांच्यावरून एरवी पलीकडच्या गावाला पटकन जाता येतं, ते पावसात सगळ्यात आधी पाण्याखाली जातात. पावसाळ्याआधी त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात, तरी वरून पाणी वाहतं, कठडे बऱ्याच ठिकाणी नसतातच. वरून वीतभर जरी पाणी जात असलं तरी परत फिरा. वीतभर पाण्याखाली रस्ता आहे की रस्ता वाहून गेलाय ते वरून कळत नाही. एरवी कोरडा असताना पण बंधाऱ्यावरून सायकल हातात धरून चालत जा, समोरून मोटरसायकल आली तर दोघांना जागा नसते. सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी रोज पेपरात, मोबाईलवर येते, ४० फूट इशारा आणि ४५ धोका. आपल्याला एवढं थांबायची गरज नाही, पाणी वाढतंय आणि कोयना धरणातनं सोडतायत असं ऐकलं की सायकल भिंतीला टेकवून ठेवायची. पूर ओसरल्यावर आठदहा दिवस तरी काठचे रस्ते सोडा, वर गाळ, खाली खचलेलं, काचा, पत्रे, काय काय येऊन बसलेलं असतं.

अजून एक, बाहेरचे लोक हसतात पण खरं आहे: भिलवडी ते सांगली या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. माणसांवर हल्ले झालेत. त्यामुळं मळीतनं खाली उतरून पाण्यात पाय सोडून बसणं, सायकल धुणं, बाटली नदीत बुडवून भरणं असले रोमँटिक प्रकार करायचे नाहीत. बांधलेल्या घाटावर, चार माणसं असतील तिथं, वरच्या पायरीवर बसा.

डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी धुकं धरतं, सहा-साडेसहाला तर पन्नास फुटावरचं दिसत नाही. सुंदर असतं, उसाच्या तुऱ्यांवर दव, सगळं पांढरं, पण ट्रॅक्टरवालाही त्यातूनच येतोय. मागं लाल लाइट लावा, लुकलुकणारा, दिवसा पण, आणि अंगात कायतरी भडक घाला. नाहीतर सरळ अर्धा तास उशिरा निघा, चहा पिऊन, कुठली रेस आहे. मार्चनंतर मात्र उलटं, सहालाच बाहेर आणि साडेनऊला घरात. पाणी तासाला अर्धा लिटर तरी, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. वाटेत ताक मिळालं तर सोडू नका.

बरोबर काय घ्यायचं? स्पेअर ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या, छोटा पंप. काठानं वेडी बाभूळ माजलीय सगळीकडं, कुंपण छाटलं की काटे रस्त्यावर. पंक्चर काढायचं दुकान रविवारी सकाळी सातला उघडं नसतं म्हणून ट्यूब बदलायला घरीच शिका, तीनदा केलं की येतं. ट्यूब बदलल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायला विसरू नका, मी विसरलोय, पाच मिनिटात दुसरी ट्यूब पण गेली आणि मग ऊसवाल्याच्या रिकाम्या ट्रॉलीत बसून आलो, ज्या ट्रॉल्यांना मी वर शिव्या घातल्या त्यातल्याच एका. गडी चांगला होता, अंकलीपर्यंत सोडलं आणि पैसे घेतले नाहीत.

कुत्र्यांसाठी काठी वगैरे नको, सायकलवरून उतरून सायकल मधे धरून चालायला लागलं की शंभरातली नव्वद कुत्री गप्प होतात. हेल्मेट घाला, गावातली पोरं हसतात, हसू देत.

आणि घरी आल्यावर चिखल लागला असेल तर आंघोळीच्या आधी सायकल धुवा. ही मळीची माती ओली असताना पाण्यानं जाते पण वाळली की चेनमधे, ब्रेकमधे सिमेंट. साध्या पाण्यानं धुवून, फडक्यानं चेन पुसून, दोन थेंब तेल. मी एकदा कंटाळा करून तशीच ठेवली आणि पुढच्या रविवारी खुरप्यानं मडगार्ड खरवडत बसलो, तोवर बाकीची मंडळी अर्जुनवाडच्या पुलावर पोचली होती.